‘बाई दवाखान्यात का येत नाही’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करताय, प्रबंधासाठी पुढच्या वर्षी टांझानियात जाणार आहात आणि ‘ग्रामीण आफ्रिकन स्त्रिया बाळंतपणाला दवाखान्यात का येत नाहीत, त्यात अंधश्रद्धेचा वाटा किती’ हा विषय मनात आहे. तो घ्यावा का, सुरुवात कुठून करावी आणि आपल्याकडच्या कामाचा तिथे काही उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलं आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. बाळंतपणातल्या रक्तस्रावावरच्या संशोधनात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या भरवशावर सविस्तर लिहिते.

हा विषय घेऊ नका, निदान या शब्दांत तरी नको. टांझानियाच्या २०२२ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात ८१ टक्के बाळंतपणं आरोग्यकेंद्रांत झालेली दिसतात. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ६३ टक्के होतं. म्हणजे ज्या बाईबद्दल तुम्ही ‘ती येत नाही’ म्हणता, ती बहुतेक ठिकाणी येऊन पोचली आहे. आल्यावर तिचं काय होतं, हा आजचा प्रश्न आहे. दुसरं, ‘आफ्रिकन स्त्रिया’ हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकातून काढून टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार मातामृत्यू झाले. त्यातले सुमारे ७० टक्के सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आणि त्यातले ७५ हजार एकट्या नायजेरियात. त्याच खंडातल्या रवांडात २००० साली लाख जिवंत जन्मांमागे १,०७१ असलेलं प्रमाण २०१९-२० च्या सर्वेक्षणात २०३ वर आलं होतं. एका वाक्यात या दोन्ही देशांतल्या बायकांबद्दल खरं असं फारसं काही सांगता येत नाही. जिल्हा ठरवा, जमलं तर दोन-तीन आरोग्यकेंद्रं ठरवा आणि तिथेच खोल जा.

आता अंधश्रद्धेबद्दल. टांझानियाच्या पश्चिम टोकाला, टांगानिका सरोवराच्या काठी किगोमा आहे. तिथल्या प्रादेशिक रुग्णालयात डॉ. गॉडफ्रे म्बारुकू यांनी १९८० च्या दशकात मातामृत्यूंच्या जुन्या नोंदी काढून वाचायला सुरुवात केली. बायका अडाणी आहेत, उशिरा येतात, असं म्हणून त्यांना थांबता आलं असतं. त्यांनी आपल्याच रुग्णालयाकडे पाहिलं. उणिवा कुठे आहेत ते शोधून त्यांनी २२ उपायांचा कार्यक्रम आखला, तोही बाहेरच्या मोठ्या निधीची वाट न पाहता, हाताशी असलेल्या साधनांतून. १९८४ ते १९९१ या काळात त्या रुग्णालयातलं मातामृत्यूचं प्रमाण लाखामागे ९३३ वरून १८६ वर आलं. स्वीडनचे स्टाफान बेरिस्ट्रम यांच्यासोबत त्यांनी हे काम १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं. तुम्ही टांझानियात जाणार असाल तर पहिला वाचायचा निबंध हाच. याच भागात पुढे म्बारुकू आणि मार्गारेट क्रुक यांच्या गटाने बायकांसमोर काल्पनिक आरोग्यकेंद्रांच्या जोड्या ठेवल्या: हे केंद्र जवळ आहे पण तिथे औषधं नाहीत, ते लांब आहे पण तिथले लोक नीट बोलतात, यातलं कोणतं निवडाल? बायकांच्या निवडीत दोन गोष्टी सगळ्यात वर आल्या. कर्मचाऱ्यांची आदराची वागणूक, आणि औषधं-उपकरणं हजर असणं. अंतर आणि खर्च त्यांच्या खाली. ज्या बाईला कळा चालू असताना ओरडा खावा लागणार हे शेजारणीकडून कळलं आहे आणि तिथे गेल्यावर हातमोज्यांपासून सगळं आपणच आणायचं आहे, तिने घरी थांबणं हा हिशेब आहे. त्याला अंधश्रद्धा म्हणू नये.

तुमच्या अभ्यासक्रमात ‘तीन विलंब’ आले असतीलच: निर्णय घ्यायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. सरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये ही मांडणी केली. विद्यार्थी बहुतेक वेळा पहिला विलंब उचलतात, कारण त्यासाठी गावात जाऊन प्रश्नावली भरून घेणं सोपं असतं. तिसऱ्या विलंबासाठी रुग्णालयाने दार उघडावं लागतं, रजिस्टरं दाखवावी लागतात, आणि निष्कर्ष कुणाच्या तरी अंगावर येतात. कठीण आहे. पण जीव तिथे वाचतात.

मोजणीबद्दल थोडं सांगते, कारण तुम्ही आकडे वापरणारच. जिथे मृत्यूची नोंदच होत नाही तिथे मातामृत्यू मोजायचे कसे? वेंडी ग्रॅहम, विल्यम ब्रास आणि रॉबर्ट स्नो यांनी १९८० च्या दशकात गांबियात एक साधी युक्ती वापरून पाहिली. घरोघर जाऊन मोठ्या माणसांना त्यांच्या बहिणींबद्दल विचारायचं. तुमच्या आईच्या पोटच्या किती बहिणी लग्नाच्या वयापर्यंत जगल्या? त्यातल्या आज किती हयात आहेत? किती गेल्या? आणि गेलेल्यांपैकी किती जणी पोटुशी असताना, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत गेल्या? चार प्रश्न. प्रत्येक माणूस दोन-तीन बहिणींची माहिती देतो, त्यामुळे थोड्या घरांतून बऱ्याच बायकांचा हिशेब लागतो. पुढे याच पद्धतीचं विस्तारित रूप राष्ट्रीय सर्वेक्षणांत आलं, आणि तिथे प्रत्येक भावंडाचं वय, मृत्यूचं वर्ष असं सगळं विचारतात.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात असू द्या. भावंडांच्या आठवणीतून येणारा आकडा आजचा नसतो, मागच्या काही वर्षांचा असतो, आणि त्याचा विश्वासमर्यादेचा पट्टा रुंद असतो, म्हणजे खरा आकडा त्याच्या बराच खाली किंवा वर असू शकतो. टांझानियाच्या सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये ५५६ असलेलं मातामृत्यूचं प्रमाण २०२२ मध्ये १०४ निघालं. प्रगती झाली यात शंका नाही, पण एवढी घसरण जशीच्या तशी प्रबंधात उतरवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज याहून बराच वर आहे. दोन्ही आकडे द्या आणि फरक का पडतो ते लिहा. शिवाय ही सर्वेक्षणं ज्या अमेरिकी मदतीवर चालत ती २०२५ च्या सुरुवातीला थांबवली गेली, तेव्हा ताज्या माहितीच्या भरवशावर आराखडा बेतू नका.

आपल्याकडच्या अनुभवाचा उपयोग आहे का, हे तुम्ही विचारलंत. आहे, आणि तो थेट आहे. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहिला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे तिची गर्भारपणं आणि तिची संततिप्रतिबंधक साधनं, एवढंच धरलं जात होतं. अंगावरून पांढरं जाणं, पाळीतला त्रास, अंग बाहेर येणं याला कुणी आजार म्हणून मोजतच नव्हतं. त्यानंतर इजिप्तमध्ये गिझाच्या दोन गावांत हिंद खत्ताब, हुदा झुराइक आणि नबील युनिस यांनी ५०९ बायकांची तपासणी केली. निम्म्याहून जास्त जणींना जननमार्गाचा संसर्ग होता आणि निम्म्याहून जास्त जणींचं अंग खाली सरकलेलं होतं.

गांबियातल्या फाराफेनी भागात झालेला आणि २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आलेला अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला देते. तिथे १,३४८ बायकांना आधी प्रशिक्षित कार्यकर्तीने प्रश्न विचारले आणि नंतर स्त्री डॉक्टरने. कार्यकर्तीला २६.५ टक्के बायकांनी काही ना काही त्रास सांगितला. डॉक्टरला ५२.७ टक्के बायकांनी. तपासणी आणि प्रयोगशाळेचे निष्कर्ष मिळून त्रास निघाला ७०.५ टक्के बायकांना. बायका त्याच, गाव तेच; विचारणारी बदलली आणि उत्तर दुप्पट झालं. बाई खोटं बोलली असं यातून काढू नका. जिच्या हातात उपचार आहे तिच्यापाशी बोलून काही उपयोग आहे. जी नुसतं लिहून नेणार, तिच्यापाशी कशाला बोलायचं? तुमच्या प्रश्नावलीला उत्तरं कमी आली तर आधी हे तपासा की तुम्ही तिला बदल्यात काय देणार होता. तपासणी आणि उपचारांची सोय नसेल तर असे प्रश्न विचारायचा आपल्याला हक्कच नाही, असं माझं ठाम मत आहे.

हाच धडा पुढे एचआयव्हीच्या संशोधनाला फार महागात पडून शिकावा लागला. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे इथल्या ५,०२९ स्त्रियांवर २००९ पासून ‘व्हॉइस’ नावाची चाचणी झाली. रोज एक गोळी किंवा योनीत लावायचं जेल वापरून संसर्ग टळतो का, ते पाहायचं होतं. औषध घेतलं का विचारल्यावर सुमारे ९० टक्के वेळा उत्तर ‘हो’. उरलेल्या गोळ्यांची मोजणीही त्याच्या जवळपास जाणारी. रक्ताचे नमुने तपासले तेव्हा औषधाचा अंश सापडला जेमतेम २५ ते ३० टक्के नमुन्यांत. निम्म्या किंवा त्याहून जास्त जणींच्या एकाही नमुन्यात काही नव्हतं. चाचणीतून फायदा सिद्ध झाला नाही.

नंतर संशोधकांनी यातल्या काही बायकांपुढे त्यांचेच रक्ताचे निकाल ठेवून शांतपणे बोलणं केलं. मग कारणं बाहेर आली. घरात ही बाटली सापडली तर मला एचआयव्ही झालाय असंच सगळे समजणार. नवऱ्याला पसंत नाही. निरोगी माणसाने रोज गोळी घेतली तर काय होईल याची भीती. आणि शेजारपाजारच्या अफवा. या सगळ्या जणी तपासणीला मात्र नेमाने येत होत्या, कारण तिथे चांगली वैद्यकीय सेवा मिळत होती. ही सेवा बंद पडू नये म्हणून ‘घेते’ म्हणणं, यात मला तरी दोष दिसत नाही.

महत्त्वाचं पुढे आहे. बायकांना जास्त समजावून सांगा, एवढ्यावर हे शास्त्र थांबलं नाही. कुणाला दिसणार नाही आणि रोज आठवण ठेवावी लागणार नाही असं साधन शोधायचं ठरलं. आधी योनीत बसवायची दापिविरिन या औषधाची रिंग आली, मग दोन महिन्यांतून एकदा घ्यायचं कॅबोटेग्रॅव्हिरचं इंजेक्शन. ते सात आफ्रिकी देशांतल्या ३,२२४ स्त्रियांत रोजच्या गोळीपेक्षा कितीतरी सरस ठरलं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुली-बायकांवर लेनाकापाविर या औषधाची चाचणी झाली, तिचे निकाल २०२४ मध्ये आले. वर्षाला दोन इंजेक्शनं. ती मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. रोजची गोळी याही चाचणीत बहुतेक जणींना पेलली नव्हती. चाचणीच्या काळात दिवस गेले तर मुलींना बाहेर काढलं नाही, त्यांची संमती घेऊन औषध चालू ठेवलं. गर्भवतींना सगळ्या चाचण्यांतून वगळायच्या जुन्या सवयीला हा मोठा छेद आहे. या औषधाच्या स्वस्त आवृत्ती १२० देशांसाठी बनवायचे परवाने सहा कंपन्यांना मिळाले, त्यात पुण्याची एम्क्युअर आहे, हे मराठी वाचकांना माहीत असावं.

माझ्या स्वतःच्या विषयात, म्हणजे रक्तस्रावात, असंच घडलं, आणि त्याची सुरुवात बेळगावात झाली. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं हे डॉक्टर-नर्सेस पिढ्यान्‌पिढ्या नजरेनेच ठरवत आल्या. कापडात मुरलेलं, गर्भजलात मिसळलेलं, अपुऱ्या उजेडात जमिनीवर सांडलेलं रक्त नजरेला नेहमी कमीच दिसतं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर ग्रामीण भागात गर्भपिशवी आकुंचित करणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळ्यांची चाचणी घेतली. एएनएम ताईंनी (उपकेंद्रातल्या परिचारिकांनी) घरी किंवा उपकेंद्रात केलेली १,६२० बाळंतपणं त्यात होती. गोळी दिलेल्यांत अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला. निकाल २००६ मध्ये आला. या चाचणीत रक्त मोजण्यासाठी त्यांनी एक साधी वस्तू तयार केली.

बाळ बाहेर आलं की बाळंतिणीच्या कमरेखाली प्लॅस्टिकचं कापड सरकवायचं. त्याचा खालचा भाग नरसाळ्यासारखा निमुळता होत खाटेच्या कडेवरून खाली लोंबतो, आणि त्या पिशवीवर मिलिलिटरचे आकडे छापलेले असतात. नर्सने फक्त वाकून आकडा वाचायचा. या पिशवीच्या तुलनेत नजरेचा अंदाज सरासरी ३३ टक्के कमी निघाला. एक तृतीयांश रक्त कुणाच्या हिशेबातच येत नव्हतं.

पण नुसती पिशवी पुरत नाही. युरोपातल्या १३ देशांत मोठी चाचणी झाली, तिथे पिशवी वापरून गंभीर रक्तस्राव कमी झाला नाही. आकडा कळला, पण पुढे करायचं काय आणि किती लवकर, हे त्याला जोडलेलं नव्हतं. ही जोडणी केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत झाली. दोन लाखांहून जास्त बाळंतपणं त्यात होती. बर्मिंगहॅम विद्यापीठाबरोबर त्या-त्या देशांतले संशोधक होते. नायजेरियातली बाजू कानोच्या प्रा. हादिझा गलादांची यांनी सांभाळली. चाचणीचं नाव ‘ई-मोटिव्ह’. दोन्ही गटांत पिशवी होती, पण एका गटातल्या पिशवीवर आकडे नव्हते. दुसऱ्या गटात ३०० आणि ५०० मिलिलिटरच्या खुणा होत्या. पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी रक्त, त्याची धार आणि गर्भपिशवीचा घट्टपणा पाहायचा. ५०० ची खूण गाठली, किंवा ३०० वरच धार जोराची वाटली वा नाडी-रक्तदाब बिघडला, की थांबायचं नाही. गर्भपिशवी चोळणं, आकुंचनाचं औषध, रक्त थांबायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, आणि वार अडकली आहे का, कुठे फाटलं आहे का याची तपासणी, हे सगळं एकदमच करायचं. जुनी रीत एक उपाय करून वाट पाहायची, मग दुसरा. त्या वाट पाहण्यात बाई थंड पडत जाते. मी ते पाहिलं आहे.

२०२३ मध्ये निकाल आला. एक लिटरहून अधिक रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडायला लागणं किंवा त्यातून मृत्यू, या तिन्हींचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ वर. ही घट मुख्यतः गंभीर रक्तस्रावातली होती. केवळ मृत्यूंबद्दल वेगळा ठाम दावा करण्याइतके आकडे त्यात नव्हते, हेही लिहा. मला जास्त बोलका वाटतो तो दुसरा आकडा. आकड्यांशिवायच्या गटात जवळजवळ निम्मे अतिरक्तस्राव ओळखलेच गेले नव्हते. दुसऱ्या गटात ९३ टक्के ओळखले गेले. रुग्णालयात, खाटेवर, प्रशिक्षित माणसांच्या डोळ्यांसमोर. या बायका वेळेवर आल्या होत्या. म्हणून मी तुम्हाला पहिल्या परिच्छेदांत एवढं बजावलं.

बोट्स्वानाचं एक उदाहरण देते, मग कामाच्या सूचना. तिथे ‘त्सेपामो’ नावाच्या अभ्यासात सरकारी रुग्णालयांतल्या सुईणी प्रत्येक नवजात बाळ तपासून नोंद ठेवत होत्या. गर्भ राहताना आई डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीचं औषध घेत असलेल्या ४२६ बाळांपैकी चार बाळांत मज्जानलिकेचा, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात तिचा, जन्मदोष दिसला. २०१८ मध्ये ही माहिती जाहीर होताच अनेक देशांनी मूल होण्याच्या वयातल्या सगळ्याच बायकांना हे औषध द्यायचं थांबवलं. ज्यांना मूल नकोच होतं त्यांनाही. त्याच वर्षी जुलैमध्ये आफ्रिकेतल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रिया किगालीत जमल्या आणि त्यांनी सांगितलं की धोका आम्हाला समजावून सांगा, गर्भनिरोधकं उपलब्ध करा, आणि औषध निवडायचं आम्हाला ठरवू द्या. नोंदी वाढत गेल्या तसा हे औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या आयांच्या बाळांतला फरक विरत गेला. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध सगळ्यांसाठी पहिल्या पसंतीचं ठरवलं. मधल्या वर्षात जुन्या, जास्त त्रासाच्या औषधांवर राहिलेल्या बायकांचा हिशेब कुणी कुठे मांडायचा, हा प्रश्न मला अजून सतावतो.

आता तुमच्यासाठी. टांझानियात परदेशी संशोधकाला नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चची नैतिक मान्यता आणि कॉस्टेकचा (तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाचा) संशोधन परवाना लागतो. महिने जातात, आत्ताच कागद सुरू करा. मार्गदर्शकांपैकी एक तिथलाच असू दे, आणि निबंधावर त्याचं नाव शोभेसाठी नको, प्रश्न ठरवण्यात त्याचा हात हवा. स्वाहिली शिका, सहा महिन्यांत मोडकीतोडकी तरी येते, आणि तेवढ्याने बाईच्या चेहऱ्यावर फरक पडतो. दुभाषी स्त्रीच हवी, पण त्याच गावची नको. गावात सगळ्यांचं सगळ्यांशी नातं असतं. गावप्रमुखाची परवानगी शिष्टाचार म्हणून घ्यायचीच, मात्र ती बाईच्या संमतीच्या जागी धरू नका. तो ‘हो’ म्हणाला म्हणजे तिला ‘नाही’ म्हणता येणार नाही, अशी वेळ येऊ देऊ नका. मुलाखत सासूसमोर घेऊ नका.

विषय म्हणून माझी सूचना: एका जिल्हा रुग्णालयात प्रसूतिकक्षातल्या पहिल्या तासाचा अभ्यास करा. रक्तस्राव ओळखल्यापासून पहिलं औषध मिळेपर्यंत किती मिनिटं जातात आणि ती कुठे जातात. औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, ऑक्सिटोसिन हे आकुंचनाचं औषध फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं का, रात्रपाळीला एका नर्सकडे किती बाळंतिणी असतात. वॉर्डात वही घेऊन उभं राहायच्या आधी तिथल्या सुईणींना विचारा की त्यांना स्वतःला कशाचं उत्तर हवं आहे. आणि निष्कर्ष विद्यापीठाला देण्याआधी त्या वॉर्डात जाऊन स्वाहिलीत सांगा, म्हणजे त्यांना खोडून काढायची संधी मिळेल. आराखडा तयार झाला की पाठवा, मी वाचून कळवते.